तिला कोणी विचारले?

काही वर्षांमागे माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या नायिकेला लग्नानंतर आठव्या वर्षी नवऱ्याच्या जुन्या ट्रंकेत पत्रांचा एक गठ्ठा सापडतो. पत्रे प्रेमाची असतात, आणि ती लिहिणारा पुरुष असतो. नायिका कोसळते. पुढची दोन प्रकरणे ती रडते, तिसऱ्यात मुलाला घेऊन माहेरची वाट धरते, आणि एस.टी.च्या खिडकीतून गाव मागे पडताना तिला दिसते तेथे कादंबरी संपते. दोघा-तिघा परीक्षणकारांनी विषय धीट असल्याचा निर्वाळा दिला. मीही मनातून खूष होते.

मग एका तालुक्याच्या गावाहून एका वाचकबाईंचे पत्र आले. अक्षर सुरेख, शब्द मोजके. त्यांच्या यजमानांनी लग्न ठरण्यापूर्वी, देवळाच्या पायऱ्यांवर बसून, त्यांना स्वतःहून सांगितले होते की कॉलेजात असताना आपले एका मुलावर प्रेम होते. बायकांवरही आपले मन जाते, तुमच्यावर गेलेच आहे. दोन्ही खरे, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. बाईंनी चार दिवस विचार केला आणि होकार कळवला. संसाराला सतरा वर्षे झाली होती. त्यांची माझ्यावर तक्रार नव्हती, प्रश्न मात्र होता. तुमची नायिका दोन प्रकरणे रडते, पण ती नेमकी कशासाठी रडते हे तुम्ही तिला विचारले होते काय?

मी कादंबरी पुन्हा उघडून पाहिली. विचारले नव्हते. पत्रे पुरुषाची म्हणून ती रडत होती, की ती लपवून ठेवली म्हणून, की आठ वर्षे ह्या माणसाने आपल्यावर प्रेम केलेच नाही अशी शंका आली म्हणून? ही तीन निरनिराळी दुःखे आहेत. मी त्यांची एकच मोट बांधली होती आणि वर रडण्याचे झाकण घातले होते. विषय धीट असेल. लेखिका धीट नव्हती.

तेव्हापासून अशा पुरुषांविषयीचे जे वाङ्मय हाती येईल त्यात मी आधी ती स्त्री शोधते. तिला काय वाटते, आणि लेखक तिला बोलू देतो की नाही, हे पाहते. त्या शोधाचा हा थोडासा हिशेब.

फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना मी आपल्याच घरातली एक जुनी गोष्ट सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मरण येईपर्यंत एकहाती चालवले. त्यातल्या प्रश्नोत्तरांच्या सदरात वाचक जे विचारीत त्याला कर्वे सरळ उत्तर देत. पुरुषा-पुरुषांमधल्या आकर्षणाविषयीचे प्रश्नही त्यात होते. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण प्रश्न विचारणारी माणसे मराठीच होती, आणि ती कोठे आकाशातून पडलेली नव्हती. त्यांना बायका होत्या, बहिणी होत्या, वाङ्‌निश्चय झालेल्या मुली होत्या. त्या काय विचारीत असतील?

शब्दाचीही एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकते. पुरुष आणि स्त्री दोहोंकडे ज्याचे मन जाते त्याला आपल्याकडे पुष्कळ जण ‘उभयलिंगी’ म्हणतात. मी शाळेत शिकवते. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उभयलिंगी म्हणजे गांडूळ आणि जास्वंदीचे फूल. एखाद्या मुलीने घरी येऊन ‘मी ज्याच्याशी लग्न करणार तो उभयलिंगी आहे’ असे सांगितले तर आईच्या डोळ्यांपुढे जे काही उभे राहील ते त्या बिचाऱ्याचे चित्र खासच नव्हे. ‘उभयलैंगिक’ हा शब्द त्या मानाने बरा, आणि अलीकडे तोच रुळतो आहे. मी तो गरजेपुरता वापरीन.

ह्या शोधात मला सर्वांत मोठी भेटली ती मॅगी. टेनेसी विल्यम्स ह्यांचे ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ हे नाटक २४ मार्च १९५५ रोजी न्यू यॉर्कला रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तापलेल्या पत्र्यावरच्या मांजरीसारखी तगमगणारी ती ही मॅगी. मिसिसिपीच्या मळ्याचा मालक असलेल्या सासऱ्याचा पासष्टावा वाढदिवस आहे. सासरा कर्करोगाने जाणार हे घरात सर्वांना ठाऊक आहे, फक्त त्याला आणि सासूला नाही. थोरल्या दिरा-जावेला पाच मुले असून सहावे वाटेवर आहे, आणि अठ्ठावीस हजार एकरांवर त्यांचा डोळा आहे. मॅगीची कूस रिकामी. नवरा ब्रिक पाय मोडून कुबडीवर, हातात ग्लास, आणि तिच्या अंगाला बोट लावायला तयार नाही. ब्रिकचा जिवलग मित्र स्किपर दारूने मेला आहे. त्या मैत्रीत प्रेम होते काय, असल्यास कोणत्या जातीचे, हा नाटकातला ठसठसणारा गळू आहे.

पहिला अंक जवळजवळ एकट्या मॅगीच्या बोलण्याने भरलेला आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो वाचला, कारण माझे इंग्रजी शाळेपुरते आहे. पण ते बोलणे मला परके वाटले नाही. आपल्या चाळीतल्या, वाड्यातल्या कित्येक बायका अशा बोलताना मी ऐकल्या आहेत. समोरचा ऐकत नाही म्हणून अधिकच बोलायचे, जावेच्या पोरांना नावे ठेवायची, मध्येच हसायचे, आणि ज्या एका गोष्टीला हात लावायचा नाही असे ठरलेले आहे तिच्याभोवती फिरत फिरत शेवटी तिच्यावरच बोट ठेवायचे. मॅगी बोट ठेवते. स्किपरचे तुझ्यावर प्रेम होते हे ती नवऱ्याच्या तोंडावर सांगते. आणि ते सांगताना तिच्या स्वरात किळस नाही, ह्याचे मला पहिल्या वाचनाला आश्चर्य वाटले. त्या मैत्रीला ती पुराणकथेतल्या मैत्रीच्या पंक्तीला बसवते. किळस आहे ती ब्रिकला. असले नाव आपल्याला लागेल ह्या नुसत्या कल्पनेने तो कुबडी उगारून तिच्या अंगावर धावतो.

म्हणजे पाहा, आपण धरून चाललेलो असतो की अशा गोष्टीने विटाळ वाटायचा तो बायकोला. विल्यम्स दाखवतात ते उलटे. स्त्रीला सत्य पचले आहे; पुरुषाला ते पचत नाही, म्हणून त्याला दारू लागते.

मग मॅगीचे दुःख काय? मराठीत स्त्रीच्या प्रतिस्पर्धी स्त्रीला ‘सवत’ हा शब्द आहे. जात्यावरच्या ओव्यांपासून लोककथांपर्यंत सवतीला आपण भरपूर जागा दिली, तिच्याशी कसे वागावे, कसे भांडावे, प्रसंगी कसे मिळते घ्यावे ह्याच्या रीती घालून दिल्या. पण प्रतिस्पर्धी पुरुष असला तर त्याला काय म्हणावे? शब्द नाही. शब्द नाही म्हणून रीत नाही. मॅगीची हीच कोंडी आहे, आणि तिचा प्रतिस्पर्धी मेलेला असल्याने ती दुप्पट झाली आहे. तो जिवंत असताना तिने जे केले ते तिला शोभणारे नव्हते. तिने स्किपरला गाठून सांगितले की माझ्या नवऱ्यावर प्रेम करणे सोड, नाहीतर त्याला तसे सांगून टाक. आपण पुरुष असल्याचे सिद्ध करायला स्किपर तिच्याकडेच वळला, त्यात फसला, आणि स्वतःविषयी जे ऐकले ते खरेच असल्याचे ठरवून पिऊन मेला. मॅगी हे स्वतः कबूल करते. पुढे ब्रिकचीही कबुली बापापुढे निघते: स्किपरने फोनवर मन मोकळे केले तेव्हा त्याने फोन ठेवून दिला होता. स्किपरला दोघांनी मिळून मारले असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की एकीला ते ठाऊक आहे.

येथपर्यंत नाटक मला थोर वाटते. पण ज्या प्रश्नासाठी मी ते उघडले त्या जागी ते अडखळते. लग्नाच्या पहिल्या काळात ब्रिक आणि ती सुखात होती, त्याचे तिच्याशी शय्यासुख खोटे नव्हते, हे मॅगी स्वतः सांगते. स्किपरवरही त्याचा जीव होता. मग हा माणूस दोहोंचा असू शकेल, हे नाटकात कोणाच्याच मनात का येत नाही? मॅगीच्या का येत नाही? तिच्या लेखी प्रश्न ‘तो की मी’ असाच आहे. ब्रिकच्या लेखी ‘पुरुष की तो दुसरा शब्द’ असा आहे. तिसरी जागा नाटकाने मांडलेलीच नाही. आणि गंमत अशी की ती जागा रंगमंचावर आहे! ज्या खोलीत हे सारे घडते ती मळ्याच्या जुन्या मालकांची, जॅक स्ट्रॉ आणि पीटर ओचेलो ह्या दोन अविवाहित पुरुषांची. ते दोघे त्या घरात जन्मभर एकत्र राहिले आणि मळा सासऱ्याकडे आला तो त्यांच्याकडून. मॅगीला मूल हवे आहे ते त्याच दोघांच्या पलंगावर. त्या प्रेमावर घर उभे आहे, शेत उभे आहे. फक्त बोलायला कोणी तयार नाही.

शेवटाविषयी विल्यम्स ह्यांचे आणि दिग्दर्शक एलिया कझान ह्यांचे जमले नाही, आणि नाटककारांनी छापील पुस्तकात तिसऱ्या अंकाचे दोन्ही पाठ दिले. एकात मॅगीच्या धडाडीचे ब्रिकला कौतुक वाटते. दुसऱ्यात तिच्या प्रेमाच्या बोलण्यावर तो एक थंड, अविश्वासाचा उद्गार काढतो. मला दुसरा पाठ खरा वाटतो. १९५८ सालच्या चित्रपटात, ज्यात एलिझाबेथ टेलर आणि पॉल न्यूमन आहेत, स्किपरचा विषय इतका पातळ केला की ब्रिकचा राग कशाचा हेच कळेनासे झाले. परिणामी मॅगी ही नवऱ्याने टाकलेली एक रूपवती, एवढीच उरली. पुष्कळांनी चित्रपटच पाहिलेला असतो. त्यांना मॅगी भेटलेलीच नाही.

आता इंग्लंडला जाऊ. व्हर्जिनिया वुल्फ ह्यांची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी १९२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली. तिच्यात लढाईवरून परतलेला, मन उद्ध्वस्त झालेला सेप्टिमस आहे आणि त्याची इटालियन बायको रेझिया आहे. सेप्टिमस पूर्वी मिस पोल नावाच्या शिक्षिकेच्या प्रेमात होता. पुढे खंदकात त्याचा इव्हान्स ह्या अधिकाऱ्यावर जीव जडला. इव्हान्स युद्ध संपता संपता मेला. बागेत, रस्त्यात, घरात तो मेलेल्या इव्हान्सशी बोलतो. रेझिया शेजारी बसलेली असते. ह्याच्या मनात काय चालले आहे, हे तिला कळत नाही. आपण परमुलखात एकटे पडलो एवढेच कळते. शेवटी दोघे मिळून एक टोपी शिवतात, हसतात, क्षणभर संसार झाल्यासारखा वाटतो, आणि डॉक्टर जिन्यावर येताच तो खिडकीतून उडी घेतो. ते टोपीचे पान मी वर्गात वाचून दाखवू शकले असते तर किती बरे झाले असते असे मला नेहमी वाटते. रेझियाला पाहून जीव कळवळतो. पण तिचे मत काय? तिला काही ठाऊकच नाही. न कळणाऱ्या बायकोचे दुःख लिहिणे सोपे आहे. मी तेच केले होते, अर्थात् वुल्फबाईंच्या नखाचीही सर न येता.

ह्या रेझियासाठी वुल्फबाईंनी डोळ्यांपुढे कोणाला ठेवले होते, हे त्यांच्या रोजनिशीतून कळते. ती होती लिडिया लोपोकोव्हा, रशियन नर्तकी. आणि येथे गोष्ट कादंबरीपेक्षा रंगते. लिडियावर प्रेम बसले होते जॉन मेनार्ड केन्स ह्यांचे, म्हणजे ज्यांच्या अर्थशास्त्राने पुढे जगाची खतावणी बदलली त्या केन्सांचे. आपल्याकडच्या चलनव्यवहारावर ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ हा ग्रंथ त्यांनी १९१३ सालीच लिहिला होता. १९२१ च्या अखेरीस लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात ते तिचा नाच पुन्हा पुन्हा पाहायला जाऊ लागले. त्यापूर्वीची त्यांची सारी प्रेमप्रकरणे पुरुषांशी होती. त्यांतले सर्वांत मोठे प्रेम होते डंकन ग्रँट हा चित्रकार.

वुल्फबाईंच्या मित्रमंडळात, म्हणजे ब्लूम्सबरीत, पुरुषाने पुरुषावर प्रेम करण्याचे कोणाला काही वाटत नव्हते. बाहेर कायदा तुरुंगात धाडीत होता आणि आत हे लोक चहा पिता पिता त्याविषयी बोलत. पण केन्स लग्न करतो म्हणतो, आणि तेही एका नाचणारीशी, मोडके इंग्रजी बोलणारीशी, हे मात्र त्यांना सोसेना! वुल्फबाईंची बहीण व्हेनेसा बेल हिने केन्सांना पत्र लिहून लग्न करू नकोस असे बजावले. नाटकवाली सून घरात येणार म्हटल्यावर आपल्याकडच्या आत्याबाईंनी जे केले असते त्याहून हे निराळे काय? सुधारकाची सुधारणा त्याच्या स्वतःच्या उंबऱ्याशी किती वेळा थबकते ते पाहण्यासारखे आहे.

आणि लिडिया? तिला सर्व ठाऊक होते. ते मंडळ गुप्तता पाळणारे नव्हतेच. केन्सांच्या आयुष्यात त्या काळी एक तरुण मित्रही होता; तो संबंध एकदम तुटला नाही, हळूहळू मावळला, आणि लिडियाला त्याची फिकीर नव्हती असे मानायचे कारण नाही. पण तिने त्यासाठी त्यांच्या गतायुष्याला आग लावली नाही. दोघांची लग्नापूर्वीची पत्रे १९८९ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांतल्या लिडियाच्या इंग्रजीत चुका आहेत की मौज आहे हे सांगणे कठीण. ती भाषेला नाचायला लावते. ४ ऑगस्ट १९२५ ला लंडनच्या नोंदणी कचेरीत त्यांचे लग्न झाले. वराकडून साक्षीला कोण उभे होते? डंकन ग्रँट. त्याच वर्षी रेझियाची शोकांतिका दुकानांतून विकली जात होती.

पुढे १९३७ साली केन्सांच्या हृदयाने दगा दिला, तेव्हा कोणी किती वेळ भेटायचे, त्यांनी किती वाजता आडवे व्हायचे हे लिडिया ठरवू लागली आणि जगातल्या मोठमोठ्या माणसांना तिने दारातून परत पाठवले. १९४६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, टिल्टनच्या घरी केन्स गेले. ती त्याच घरात राहिली आणि १९८१ साली वारली.

मला येथे टीकाकार म्हणून एक गाऱ्हाणे मांडायचे आहे. वुल्फबाईंएवढी सूक्ष्म दृष्टी जगात थोड्यांना मिळाली. त्यांनी लिडियाकडून तिचे परकेपण घेतले, तिचे हातवारे घेतले, आणि तिचे कळलेले-सवरलेले सुख तेवढे टाकून दिले. सुखी बायको लिहिण्यासारखी वाटत नाही, हा लेखकांचा रोग आहे. जी सारे जाणून होकार देते तिच्या होकारात नाट्य नाही असे आपण समजतो. त्या तालुक्याच्या गावच्या बाईंचे ते चार दिवस! चार दिवस त्या काय करीत होत्या? धुणे धूत, भाजी निवडत त्यांच्या मनात काय चालले होते? ते एक पूर्ण नाटक आहे, आणि मी लिहीत बसले होते आठ वर्षांनंतरची ट्रंक.

ह्याचा अर्थ सारे गोडच असते असा कोणी घेऊ नये. टिल्टनपासून जवळच चार्ल्स्टन नावाचे शेतघर आहे. तेथे व्हेनेसा बेल डंकन ग्रँटबरोबर राहत होती, आणि १९१६ साली ती तेथे आली तेव्हा डंकनचा प्रियकर डेव्हिड गार्नेट हाही त्याच घरात होता. व्हेनेसाने आपल्या प्रेमापायी हे सारे स्वीकारले. १९१८ च्या नाताळच्या दिवशी तिला डंकनपासून मुलगी झाली, अँजेलिका. जगाला आणि मुलीलाही सांगितले गेले की बाप क्लाइव्ह बेल, म्हणजे व्हेनेसाचा कायदेशीर नवरा. अँजेलिकाला खरे कळले ते १९३७ साली. १९४२ साली तिने लग्न केले ते त्याच डेव्हिड गार्नेटशी! तो कोण होता हे तिला वेळेवर कोणी नीट समजावून दिले नव्हते. १९८४ साली तिने आपले आत्मचरित्र लिहिले. त्याच्या नावातच मायेने केलेल्या फसवणुकीचा उल्लेख आहे. ते वाचताना पुष्कळांना असे वाटते की हा डंकनच्या दोन दिशांच्या प्रेमाचा दोष. मला तसे वाटत नाही. डंकनने आपण कसे आहोत हे व्हेनेसापासून कधी लपवले नव्हते. लपवले गेले ते मुलीपासून, आणि लपवणारी आई होती. उमद्या मनाने सर्व सोसणारी स्त्री असे व्हेनेसाचे चित्र पुष्कळदा रंगवलेले दिसते. सोसणे आणि होकार ह्यांत फरक आहे. लिडियाने होकार दिला. व्हेनेसाने सोसले, आणि सोसलेल्याची किंमत मुलीकडून वसूल झाली.

आपल्याकडे महेश दत्तानी ह्यांचे ‘ऑन अ मगी नाइट इन मुंबई’ हे इंग्रजी नाटक १९९८ साली आले. त्यातल्या किरणचे लग्न ठरले आहे प्रकाशशी, आणि प्रकाश हा तिच्याच भावाचा पूर्वीचा प्रियकर. भावाला ठाऊक आहे, भावाच्या मित्रांना ठाऊक आहे. एका छायाचित्रावरून किरणला कळते तेव्हा नाटक संपत आलेले असते. प्रकाशला किरणवर प्रेम नाही, त्याला आडोसा हवा आहे. नाटक प्रामाणिक आहे, पण माझ्या प्रश्नापुरते ते लवकर मिटते, कारण फसवणारा फसवणारा ठरला की स्त्रीला मत असायची गरजच उरत नाही. मात्र अशा नाटकांचा एक परिणाम होतो. दोन्हींकडे मन असलेला प्रत्येक पुरुष हा आडोसा शोधणारा प्रकाशच असणार, असे मुलींच्या मनात बसते. दोन्हींकडे मन जाणे म्हणजे दोन्हींकडे जाणे नव्हे, आणि बायकोवरचे प्रेम हे सोंग असलेच पाहिजे असेही नव्हे. ह्या गोष्टी कोणी रंगमंचावर मांडल्या तर मला पाहायच्या आहेत.

मराठीत हे सर्वांत जवळून ज्याने केले ती सचिन कुंडलकर ह्यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ सालची कादंबरी. जेरी पिंटो ह्यांनी २०१३ साली तिचे इंग्रजी केले, आणि स्वतः कुंडलकरांनी केलेला चित्रपट २०२२ साली आला. एका मध्यमवर्गीय मराठी घरात वरच्या खोलीत भाडेकरू येतो. घरातल्या तनयचे त्याच्यावर प्रेम जडते, आणि बहीण अनुजाचेही. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते; तो तिला न सांगता सोडून जातो; ती परत येते. कादंबरीचा पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. त्या भाडेकरूला लेखकाने नावसुद्धा दिलेले नाही.

ह्या कादंबरीवर जे बोलले जाते ते बहुधा तनयविषयी, आणि त्याचे पान सुंदर आहे ह्यात संशय नाही. ‘तू’ म्हणून सरळ त्या गेलेल्याशी बोललेले, ओले. पण मला कादंबरीचे धाडस दिसते ते तिची घडी बरोबर मध्ये घालण्यात. अर्धी कादंबरी त्या मुलीला दिली आहे, आणि तिची भाषा निराळी आहे. ती भावासारखी आळवत नाही. तिचे लिहिणे रोजनिशीच्या वळणाचे, कोरडे, पुढच्या कामाला लागणारे. घरचे तिच्याकडे मोडलेल्या वस्तूसारखे पाहतात आणि ती आपल्या परीने स्वतःला सांधते. तनय दुःखाची पूजा करतो, अनुजा दुःखाचा केर काढते, असे मी एकदा आमच्या शिक्षकदालनात म्हटले, तर एक सहकारी म्हणाले की मग अनुजाचे प्रेमच कमी. मी त्यांना विचारले, केर काढणारीला घरावर प्रेम नसते का? ते चहा पीत राहिले.

माझी तक्रार त्या भाडेकरूविषयी आहे. त्याला आई-बाप नाहीत, नाव नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. तो दोघांवर प्रेम करतो आणि दोघांना टाकून जातो. उभयलैंगिक पुरुष मराठी कादंबरीत इतक्या ठसठशीतपणे आला, आणि आला तो वाऱ्यासारखा! जो कोठेच टिकत नाही तो दोन्हींकडचा, ही समजूत लेखकाला पसरवायची होती असे मी म्हणणार नाही. त्याला एक पोकळी लिहायची होती, आणि ती त्याने लिहिली. पण अनुजाजागी उद्या बसणाऱ्या मुलीला त्या माणसाशी बोलायचे असते. तू का गेलास, हे विचारायचे असते. कादंबरीत ती विचारू शकत नाही, कारण समोर कोणी नाही. मॅगीच्या समोर निदान कुबडी उगारणारा ब्रिक तरी होता.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीने घडलेले संबंध वगळले. मला पत्र लिहिणाऱ्या बाईंचे लग्न त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे ज्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर त्या मुलाने तोंड उघडले, त्या दिवशी आपली सारी अब्रू त्याने एका जवळजवळ अनोळखी मुलीच्या ओच्यात टाकली होती. ती उठून गेली असती आणि गावभर बोलली असती, तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्या चार दिवसांत त्या बाई स्वतःच्या भीतीचा विचार करीत असतील तशाच ह्याचाही करीत असतील, असे मला वाटते. पण हे माझे वाटणे झाले. मागे मी वाटण्यावरच एक कादंबरी लिहून बसले आहे.

म्हणून ह्या वेळी मी त्यांना पत्र घातले आणि विचारले. त्यांचे उत्तर एका पोस्टकार्डावर आले. पहिल्या दोन दिवसांत आपल्याला त्या मुलाचा, म्हणजे कॉलेजातल्या मित्राचा, फार मत्सर वाटला, असे त्यांनी लिहिले होते. तिसऱ्या दिवशी तो दिसायला कसा असेल असे मनात आले. चौथ्या दिवशी हसू आले. पुढे जागा संपली होती, म्हणून त्यांनी कार्डाच्या कडेला उभे लिहिले होते की बाकीचे भेटीत सांगेन, दिवाळीनंतर या, आणि येताना ती कादंबरी आणू नका.